आजारी बाहुली, लाकडी शिपाई आणि उखळातली चेटकीण: रशियन संगीतकारांच्या बालरचना पियानोवर कशा सुरू कराव्यात

पहिलं पुस्तक मागवताना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "रशियन, मुलांसाठीचं, ओपस 39." आठवड्यानं पाकीट आलं, उघडलं, तर आत कबालेव्स्की. मला हवा होता चायकोव्स्की. दुकानदाराला बोल लावायची सोय नव्हती, कारण दोघांच्याही मुलांसाठीच्या वहीचा क्रमांक 39 च आहे. दोन्हींत रचना चोवीस. दोन्हींत एक पोल्का, एक वॉल्ट्झ (हे दोन्ही नाच), एक मार्च म्हणजे कूच. तेव्हा पहिला धडा तिथेच घ्या: ओपस म्हणजे त्या त्या संगीतकाराच्या रचनांचा अनुक्रमांक. तो संगीतकाराच्या नावाशिवाय सांगायचा नाही.

गंमत म्हणजे चुकून आलेलं पुस्तकच सुरुवातीला योग्य होतं, हे मला वर्षभरानं कळलं. मी चाळिशीत, मुलीच्या कीबोर्डवर, तिच्या जोडीनं शिकायला लागले. आता आमच्या गल्लीतली चार-पाच मुलं माझ्याकडे येतात. हा लेख त्या अनुभवावरचा आहे आणि तो अशांसाठी आहे ज्यांना पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची ओळख झाली आहे, स्टाफ नोटेशन अडखळत का होईना वाचता येतं, आणि आता "पुढे काय वाजवायचं?" असा प्रश्न पडला आहे. मूल शिकत असेल तर लेख पालकांनी वाचावा. स्वतःच शिकत असाल तर उत्तमच.

रशियन बालरचनांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या रचनांत बोटांना काम थोडं असतं, कानाला मात्र मोठ्या माणसाचं. म्हणून "सोपी आहे, पटकन उरकू" म्हणून हात घातला की त्या फसतात. बोटं दोन आठवड्यांत तयार होतात आणि गाणं काही येत नाही.

पायरी 1: आधी ऐका, वाजवू नका

पहिले दहा-बारा दिवस पियानोचं झाकण बंद ठेवलं तरी चालेल. चायकोव्स्कीचा 'बालसंग्रह', म्हणजे त्याची ती ओपस 39 ची वही, घ्या आणि रोज दोन-तीन रचना मुलाबरोबर ऐका. प्रत्येक रचना मिनिटा-दोन मिनिटांची असते. ऐकताना एकच प्रश्न विचारायचा: हे गाणं आहे, नाच आहे की कूच?

हा प्रश्न माझा नव्हे, दमित्री कबालेव्स्कीचा. हा संगीतकार (1904–1987) मॉस्कोतल्या साध्या शाळेत लहान मुलांना संगीत शिकवायला जात असे. जुन्या रशियन समजुतीप्रमाणे पृथ्वी तीन देवमाशांच्या पाठीवर तोललेली आहे, जशी आपल्याकडे ती शेषाच्या फण्यावर. कबालेव्स्की मुलांना सांगायचा की संगीतही तीन देवमाशांवर उभं आहे: गाणं, नाच आणि मार्च. यातल्या एकाची तरी ओळख नसलेलं मूल सापडणार नाही. वर्गात आलेलं प्रत्येक मूल काहीतरी जाणूनच आलेलं असतं, यावर त्याची सगळी पद्धत उभी होती.

खेळ सोपा वाटतो, पण लवकरच वाद सुरू होतात आणि तेच हवं असतं. 'नेपोलीचं गाणं' नावानं गाणं, पण पाय थिरकतात. 'बाहुलीची अंत्ययात्रा' ऐकून एक मुलगा म्हणाला, "मार्च आहे, पण सगळे दमलेत." यापेक्षा नेमकी सूचना मला अजून देता आलेली नाही. तो तुकडा शिकवताना मी त्याचंच वाक्य वापरते.

पायरी 2: वाद्य, बैठक आणि पेटीची सवय

घरी पियानो नसला तरी अडत नाही. कीबोर्ड चालेल, अट एकच: पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात दाबली तर मोठा यायला हवा. दुकानात याला 'टच सेन्सिटिव्ह' म्हणतात. स्वस्त कीबोर्डात ही सोय नसते आणि तिच्याविना या रचना अक्षरशः वाजत नाहीत, नुसते स्वर उमटतात. सुरुवातीला 61 पट्ट्या पुरतात. वर्षभर टिकलात तर 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. सोबत पायाचं पेडल हवं, पण ते पहिले सहा महिने कपाटात ठेवा. का ते पुढे सांगते.

मुलाचे पाय अधांतरी लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. हसू नका. पाय टेकलेले नसले की पाठ आवळते, पाठ आवळली की खांदे, आणि खांदे आवळले की आवाज कोरडा येतो. रशियन शिक्षक सुरुवातीला मुलाला एकेक स्वर सुटा वाजवायला लावतात, बहुधा मधल्या बोटानं, आणि बोट नुसतं आपटण्याऐवजी अख्ख्या हाताचं वजन पट्टीत सोडायला शिकवतात. पाटावर पाय टेकवून बसलेल्या मुलाला हे दोन दिवसांत जमतं.

ज्यांचा हात आधी पेटीवर बसला आहे त्यांना एक वेगळी अडचण येते, मलाही आली. पेटीवर पट्टी किती जोरात दाबली याला महत्त्व नसतं, आवाज भात्याच्या हातात. शिवाय पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालू असला की स्वर टिकून राहतो. पियानोचा स्वर मात्र उमटल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून लांब स्वरानंतरचा पुढचा स्वर, आधीचा विरून जितका उरला आहे, साधारण तितक्याच आवाजात घ्यावा लागतो. नाहीतर प्रत्येक स्वर ठणकन वेगळा ऐकू येतो. पियानो 'गायला' हवा असं रशियन शिक्षक म्हणतात त्याचा अर्थ हाताच्या पातळीवर हाच आहे. गाण्याचं अंग असलेल्या मराठी घरातल्या मुलाला ही कल्पना समजवावी लागत नाही, फक्त पट्टीवर उतरवावी लागते.

जाता जाता सरगमचाही घोटाळा सांगते. आपला सा हवा तिथे बसतो: काळी एक, पांढरी चार, गळ्याला झेपेल तिथे. रशियन 'दो' हलत नाही. ती कायम पांढरी एक. म्हणून रशियन शिक्षकाचा व्हिडिओ पाहताना 'दो' ऐकलं की मनात सा धरू नका.

पायरी 3: पुस्तकं कुठून आणि कोणती

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या रचनांवरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे चायकोव्स्की (मृत्यू 1893), मायकापार (1938), प्रोकोफिएव्ह (1953) आणि ग्रेचानिनोव्ह (1956) यांच्या रचना आपल्याकडे मुक्त आहेत आणि त्यांच्या जुन्या छापील प्रती इंटरनेटवरच्या नोटेशन-संग्रहांत मिळतात. शोस्ताकोविच (1975), खाचातुरियन (1978) आणि कबालेव्स्की मात्र विकतच घ्यायचे.

फुकटच्या प्रतीत एक खोच असते. शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकानं आपल्या मनानं बोटांचे आकडे, पेडलच्या खुणा, कुठे हळू कुठे मोठ्यानं हे भरून ठेवलेलं असतं. दोन वेगळ्या प्रती उतरवून शेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळतात ते बहुधा संगीतकाराचं, जिथे फरक पडतो तिथे आपल्या हाताला सोयीचं घ्या. बोटांच्या आकड्यांत अंगठा 1 आणि करंगळी 5, हे दोन्ही हातांना सारखंच.

पायरी 4: पहिले तीन-चार महिने

आता त्या चुकून आलेल्या पुस्तकाकडे. कबालेव्स्कीनं ओपस 39 दुसरं महायुद्ध चालू असताना लिहिलं, पण वही उघडलीत तर युद्धाचा मागमूस नाही. पहिली रचना 'सूर' म्हणजे नुसती एक शांत चाल. पुढे अंगाई, छोटासा विनोद, उड्या, दुःखी गोष्ट. रचना पायरीपायरीनं अवघड होत जातात, त्यामुळे इथे क्रमानं जायला हरकत नाही. पहिल्या दहा करा, मग आवडतील त्या.

सोबतीला सॅम्युएल मायकापारचा 'बिर्युल्की' हा सव्वीस छोट्या रचनांचा संच घ्या. बिर्युल्की हा जुना रशियन खेळ. इवल्याशा लाकडी वस्तूंचा ढीग करायचा आणि बाकीच्या न हलवता आकड्यानं एकेक अलगद काढायची. संचाला हे नाव का दिलं ते वाजवताना कळतं: एक स्वर हलवला की शेजारचा हलतो. त्यातली 'बागेत' आणि 'गुराखी मुलगा' आधी करा. ग्रेचानिनोव्हचे 'काचेचे मणी' (ओपस 123, बारा रचना) याच पातळीवरचे, पण जरा जास्त गोड. मला मायकापार अधिक आवडतो. ग्रेचानिनोव्ह सणाच्या दिवशी ठीक. मायकापार व्हिएन्नात लेशेतित्स्की या नामांकित पियानोशिक्षकाकडे शिकून आलेला पट्टीचा पियानोवादक होता. मुलांच्या छोट्या हाताला काय झेपतं हे त्याला फार बारकाईनं ठाऊक होतं.

या टप्प्यावर एखादी रचना कशी बसवायची ते एका उदाहरणानं सांगते. ओपस 39 मधली विसावी रचना, 'विदूषक'. जगभरच्या मुलांची ही आवडती, पियानोच्या परीक्षांना जाणाऱ्यांना तर हमखास भेटणारी.

रचना ए मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या स्वरमालेत आहे. ए ही पांढरी सहा, तिला सा माना. मग दिसेल की चालीत गंधार दोन आहेत: एकदा शुद्ध, लगेच कोमल, पुन्हा शुद्ध. जोग रागात दोन गंधार ऐकलेल्या कानाला हे ओळखीचं वाटेल. जोगात ते आरोह-अवरोहात वाटून दिलेले असतात आणि त्यांतून गंभीर, धूसर भाव येतो. इथे दोघे एकमेकांच्या पाठोपाठ येतात आणि एकमेकांना वेडावतात. विदूषक एका डोळ्यानं हसतो, दुसऱ्यानं रडतो, ते या दोन गंधारांतच आहे. म्हणून पहिल्या दिवशी मुलाला फक्त एवढं करायला लावते: सा आणि दोन्ही गंधार वाजवायचे, गळ्यानं म्हणायचे, आणि कुठला 'हसरा' ते सांगायचं. मगच पुस्तक उघडायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजवा हात एकटा, चार-चार बार (दोन उभ्या रेघांमधले खण), चालण्याच्या लयीत. मग डावा हात एकटा, तो तर टुणटुण उड्या मारतो. पट्टी गरम तव्यासारखी वाटली पाहिजे. दोन्ही हात एकत्र आणायची घाई आठवडाभर करू नका. एकत्र आणाल तेव्हा लय निम्मी करा, इतकी की मुलाला कंटाळा यावा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही, माझ्या घरी हा प्रयोग करून झालेला आहे.

पायरी 5: चायकोव्स्कीची वही

इथे जरा रेंगाळू. 1878 च्या मे महिन्यात चायकोव्स्की बहिणीकडे, कामेन्का गावी राहत होता. गाव आजच्या युक्रेनमध्ये येतं. आदल्या वर्षीचं त्याचं लग्न अल्पकाळातच मोडलं होतं. त्याच वसंतात त्यानं व्हायोलिन कंचेर्टो (एकट्या व्हायोलिनसाठी, वाद्यवृंदाच्या साथीची मोठी रचना) लिहून काढला होता. अशा सगळ्या धामधुमीत त्यानं मुलांसाठी चोवीस छोट्या रचना लिहिल्या आणि त्या सहा वर्षांच्या भाच्याला, व्होलोद्याला, अर्पण केल्या. मुखपृष्ठावर 'शुमानच्या धर्तीवर' असं मोकळेपणी म्हटलेलं आहे. जर्मन संगीतकार शुमाननं तीस वर्षं आधी असाच एक संग्रह केला होता. पुढे पंधरा वर्षांनी चायकोव्स्कीची शेवटची, सहावी सिम्फनीही (वाद्यवृंदाची मोठी रचना) याच भाच्याला अर्पण झाली. मामा-भाच्याचं नातं आपल्याला काय वेगळं सांगायचं!

वहीत एक अख्खा दिवस आहे: सकाळची प्रार्थना, हिवाळ्यातली सकाळ, आई, खेळणी, नाच, परदेशची गाणी, दाईची गोष्ट, झोप. पण वाजवताना हा क्रम धरू नका. पहिलीच रचना 'सकाळची प्रार्थना' दिसायला सोपी, संथ, पण तिच्यात एकाच वेळी चार आवाज चालतात, चर्चमधल्या गायकवृंदासारखे. शेवटी खालचा जी एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोके देत राहतो. हे चार आवाज वेगवेगळे ऐकू यायला दीड-दोन वर्षांचा कान लागतो. शिवाय हस्तलिखितातला आणि छापील क्रम सगळीकडे एकच नाही, तेव्हा आकड्याऐवजी नावानंच रचना शोधा.

माझा क्रम असा.

सुरुवात 'जुन्या फ्रेंच गाण्या'नं. जी मायनर, चाल लांब श्वासाची. सुरुवातीला डाव्या हातात तळाचा स्वर धरून ठेवलेला असतो, तंबोऱ्याचा षड्ज समजा. त्याच हाताची दुसरी बोटं वर हळूच हलतात. एक बोट दाबून ठेवून बाकीची चालवणं हे इथलं खरं काम. मधल्या भागात डावा हात एकदम तुटक वाजतो आणि उजव्यानं मात्र गातच राहायचं असतं. हाताहातांत असं भांडण लागलं की प्रत्येक हात वेगळ्या माणसाला द्या: मुलाचा उजवा, तुमचा डावा. मग अदलाबदल.

मग 'लाकडी शिपायांची कूच'. नाव ऐकूनच मुलं पट्ट्यांवर तुटून पडतात. पुस्तकात मात्र पहिल्यापासून 'अगदी हळू आवाजात' अशी खूण आहे, कारण शिपाई खेळण्यातले आहेत. बोटभर उंचीचे. मी मुलांना सांगते, आई दुपारची झोपली आहे आणि तू जमिनीवर शिपाई चालवतो आहेस. टोकदार पण हळू आवाजात वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. ही एक रचना नीट आली की बोटांना जन्माचं वळण लागतं.

त्यानंतर बाहुलीची गोष्ट. 'आजारी बाहुली', 'बाहुलीची अंत्ययात्रा' आणि 'नवी बाहुली'. आपल्याकडे भातुकलीत बाहुलीचं लग्न लागतं, वरात निघते. तिची अंत्ययात्रा कोणी काढत नाही. एका मुलीच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ती मधली सोडली तर नाही का चालणार?" मी सोडली नाही. मुलगी वाजवताना रडली नाही. तिनं विचारलं, "कशानं गेली?" मी म्हटलं, तूच ठरव. तिनं तापानं असं ठरवलं आणि त्या दिवसापासून 'आजारी बाहुली' फार हळुवार वाजवायला लागली. मोठी माणसं मुलांपासून दुःख लपवतात. चायकोव्स्कीनं ते त्यांच्या हातात ठेवलं, त्यांना उचलेल एवढंच करून.

'आजारी बाहुली'त चाल सलग नाही. एक स्वर, मग विराम, पुन्हा एक स्वर: धाप लागल्यासारखी. नवशिके हे विराम गाळतात किंवा घाईनं ओलांडतात. विराम मोजा, मनात गात राहा. सुटे स्वर असूनही ऐकणाऱ्याला एकच ओळ वाटली पाहिजे. 'अंत्ययात्रे'त सी मायनर आणि ठाय लयीतली लांब-आखूड, लांब-आखूड पावलं. आखूड स्वर ढिला पडला की कूच लंगडते, तो पुढच्या लांब स्वराला चिकटलेला हवा. छापील वहीत यानंतर लगेच नवी बाहुली येत नाही, मध्ये एक वॉल्ट्झ आहे. मी तो वाजवायला लावते, निदान ऐकायला तरी. मध्ये थोडे दिवस जायला हवेत ना. मग 'नवी बाहुली': तीन-आठची लय (तीन झटपट मात्रांची), एका श्वासात संपणारी, आनंदानं बोलता येत नाही अशा मुलीसारखी.

इथपर्यंत आलात की 'इटालियन गाणं', 'पोल्का' आणि 'नेपोलीचं गाणं' यांत फार अडणार नाही. 'नेपोली'ची चाल चायकोव्स्कीच्याच 'स्वान लेक' बॅलेमध्येही आहे, तिथे ती कॉर्नेटवर (तुतारीच्या जातीच्या छोट्या वाद्यावर) ऐका. शेवटी वेग वाढतो, म्हणून सुरुवात मुद्दाम सावकाश ठेवा, नाहीतर शेवटी पळायला जागा उरत नाही.

'शेतकरी गार्मोनिका वाजवतो' ही माझी लाडकी. गार्मोनिका म्हणजे छातीवर धरायची, भात्याची रशियन पेटी. वाजवणाऱ्याला दोन-चारच कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे झुबके) येतात, तेच तो घोळवत राहतो आणि शेवटी नीट न संपवता विरून जातो. गावच्या जत्रेत पेटी घेऊन बसलेला हौशी वादक डोळ्यांपुढे येतो. मुलं शेवट 'दुरुस्त' करायला जातात, करू देऊ नका.

'गोड स्वप्न' आलं की कपाटातलं पेडल काढा. आतापर्यंत ते बंद ठेवायचं कारण असं की पेडलनं सगळे स्वर एकमेकांत मिसळतात आणि बोटांची सगळी कच्ची कामं झाकली जातात. झाकलेलं कानाला बरं वाटतं, मग बोटं सुधारत नाहीत. इथे पेडल प्रत्येक कॉर्ड बदलताना सोडून पुन्हा दाबायचं, स्वर वाजल्याच्या किंचित नंतर. मधल्या भागात चाल डाव्या हाताकडे जाते, तेव्हा उजव्यानं मागे सरायचं. हेच बहुतेकांना जमत नाही, कारण उजवा हात म्हणजे घरातला थोरला.

आणि सर्वांत शेवटी 'बाबा यागा'. एकेकाळी मराठीत आलेली सोव्हिएत बालपुस्तकं ज्यांच्या घरी होती त्यांना ही चेटकीण आठवत असेल. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली तिची झोपडी, उखळात बसून मुसळानं हाकत जाणं, मागे झाडूनं माग पुसणं. ई मायनर, सहा-आठची लय, अतिवेगवान. निम्म्या लयीत महिनाभर वाजवा. वेग मागितल्यानं येत नाही, बोटांना रस्ता पाठ झाला की येतो. या रचनेची मुलांना इतकी घाई असते की मी तिचं आमिष म्हणून वर्षभर उपयोग करते.

पायरी 6: पुढची दारं

दोन-अडीच वर्षांनंतर प्रोकोफिएव्हची 'मुलांसाठी संगीत' ही वही (ओपस 65, 1935, बारा रचना) उघडा. ही त्यानं ओका नदीकाठच्या पोलेनोव्हो गावी, उन्हाळ्यात लिहिली. याच सुमारास तो 'रोमिओ आणि ज्युलिएट' बॅले पूर्ण करत होता. इथेही सकाळ ते रात्र असा दिवस आहे, पण कान वेगळा लागतो. 'पाऊस आणि इंद्रधनुष्य'मध्ये शेजारशेजारचे स्वर एकदम वाजतात आणि पहिल्यांदा छापण्यातली चूकच वाटते. चूक नाही, थेंब आहेत. 'नाकतोड्यांची मिरवणूक' मुलांना लगेच पटते. शेवटची 'चंद्र कुरणांवरून चालतो' ही मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे.

शोस्ताकोविचनं 'बालवही' (ओपस 69) मुलगी गालिना पियानो शिकत होती तेव्हा तिच्यासाठी लिहिली. मार्च, वॉल्ट्झ, अस्वल, आनंदी गोष्ट, दुःखी गोष्ट, किल्लीची बाहुली, वाढदिवस: एवढ्या सात. त्यानं स्वतः वाजवलेलं ध्वनिमुद्रणही मिळतं. प्रोकोफिएव्हपेक्षा ही वही बोटांना खूप सोपी, तेव्हा आधी घेतलीत तरी चालेल. खाचातुरियन आर्मेनियन. त्याचा बालसंग्रहही याच कपाटातला, पण त्याच्या चालींत कॉकेशसचं वारं आहे.

इंटरनेटवर पाच वर्षांची मुलं यातलं बरंच काही वाऱ्याच्या वेगानं वाजवताना दिसतील. ती बहुतेक संगीतशाळांतली, रोज तासन्‌तास बसणारी मुलं. सोव्हिएत काळात मुलांसाठी सात वर्षांच्या संगीतशाळा होत्या, नेहमीची शाळा सुटल्यावर जायच्या, आणि ती परंपरा अजून चालू आहे. आपलं मूल आठवड्यातून एकदा अर्धा तास येतं. व्हिडिओ पाहा, लय मात्र स्वतःची ठेवा.

आणि पालकांसाठी एक जागा

मुलानं पियानोवर बसायला नकार दिला तर 'पॅराफ्रेझेस' नावाचा संग्रह शोधा. संगीतकार बोरोदिनच्या दत्तक मुलीला, गान्याला, दोन बोटांनी वाजवता येईल असा एकच छोटासा तुकडा येत होता, पण तिला हट्टानं त्याच्याबरोबर वाजवायचं होतं. त्यानं तिच्या त्या तुकड्याभोवती एक पोल्का रचली. मित्रांनाही मौज वाटली आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह, ल्यादोव्ह, कुई यांनीही त्यावर रचना केल्या. 1879 मध्ये पुस्तक निघालं. लिस्ट या थोर पियानोवादकाला ते इतकं आवडलं की त्यानंही त्यात आपली एक छोटी भर घातली.

यात मुलाचा भाग शेवटपर्यंत तोच, दोन बोटांचा. सगळी कसरत शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची. ती खरोखर अवघड आहे, मला अजून तीनच रचना येतात, त्याही धडपडत. मी मध्येच अडकते, पान उलटायला चुकते. माझी मुलगी तोवर आपली दोन बोटं चालवत राहते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही.